परग्रही वस्तू समोर आल्यावर : ‘एलिट डेंजरस’च्या खेळाडूंसाठी निरीक्षणाची पद्धत

‘एलिट डेंजरस’ हा ऑनलाइन अवकाश-खेळ 16 डिसेंबर 2014 रोजी बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी, 2015 मध्ये, खेळाडूंना एक अनोळखी वस्तू सापडली. तिला ‘अननोन आर्टिफॅक्ट’ एवढेच नाव होते. ती कोणी बनवली आणि कशासाठी बनवली, हे खेळात कुठेही सरळ लिहिलेले नव्हते. पुढे ती थार्गॉइड नावाच्या परग्रही जमातीची असल्याचे उघड झाले आणि तिचे नाव ‘थार्गॉइड सेन्सर’ असे बदलले. परंतु त्याआधीच जगभरातल्या खेळाडूंनी तिचा आवाज ऐकून, तिची दिशा मोजून आणि आपापल्या नोंदी एकमेकांना देऊन तिच्याविषयी बरेच काही शोधून काढले होते. त्या शोधात कोणाच्याही यानाची तोफ कामी आली नाही. कामी आली ती नीट ठेवलेली नोंद.

आम्ही सोलापूरचे चार मित्र हा खेळ एकत्र खेळतो. सुरुवातीच्या काळात आम्ही अशी वस्तू दिसली की आधी तिच्याभोवती घिरट्या घालत असू, मग तर्क लढवत असू आणि शेवटी, आठवलेच तर, काहीतरी लिहून ठेवत असू. हा क्रम उलटा आहे, हे कळायला आम्हाला बऱ्याच रात्री घालवाव्या लागल्या. नव्याने खेळू लागलेल्यांच्या त्या रात्री वाचाव्यात, म्हणून आमची पद्धत येथे सविस्तर लिहीत आहे. उदाहरण मुख्यतः थार्गॉइड सेन्सरचे घेतले आहे, पण पद्धत कोणत्याही अनोळखी वस्तूला लागू पडते.

निघण्यापूर्वी

सर्वांचा खेळ एकाच आकाशगंगेत चालू आहे याची खात्री सर्वात आधी करावी. नोव्हेंबर 2022 मधल्या चौदाव्या अपडेटपासून या खेळाच्या ‘लाइव्ह’ आणि ‘लेगसी’ अशा दोन स्वतंत्र आकाशगंगा झाल्या असून कन्सोलवरचे खेळाडू लेगसीमध्येच राहिले आहेत. एक मित्र संगणकावर लाइव्हमध्ये आणि दुसरा कन्सोलवर असेल, तर ते एकमेकांना कधीच भेटणार नाहीत आणि एकाच्या नोंदी दुसऱ्याला ताडूनही पाहता येणार नाहीत.

निरीक्षणासाठी सर्वांना खुल्या असलेल्या ‘ओपन’ऐवजी ‘प्रायव्हेट ग्रुप’ निवडावा. तेथे आपण बोलावलेलेच खेळाडू येतात, त्यामुळे अर्धा तास शांतपणे आवाज रेकॉर्ड करत असताना कोणी अनोळखी माणूस येऊन गोळीबार सुरू करण्याची भीती राहत नाही. एका टीममध्ये चार खेळाडू असू शकतात आणि चार माणसे या कामाला पुरेशी आहेत. वस्तूजवळ यान नेणारा एक, ध्वनिमुद्रण करणारा एक, केवळ वही लिहिणारा एक आणि दूर थांबून पहारा देणारा एक, अशी वाटणी आम्ही करतो. वही लिहिणाऱ्याने यान चालवू नये, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो, कारण हात गुंतले की लिहायचे राहते आणि राहिलेले नंतर आठवणीतून भरले जाते.

यानात फ्यूएल स्कूप हवाच. के, जी, बी, एफ, ओ, ए आणि एम या वर्गांच्या ताऱ्यांवरूनच इंधन भरता येते, त्यामुळे मार्ग आखताना गॅलॅक्सी मॅपमध्ये इतर तारे गाळून टाकावेत. यान नष्ट झाल्यास ते परत मिळवण्यासाठी साधारणपणे त्याच्या किमतीच्या 5 टक्के रक्कम भरावी लागते. ती किमान दोन वेळा भरता येईल एवढे क्रेडिट्स शिल्लक ठेवूनच निघावे. यानाचे आतले भाग वाटेत दुरुस्त करण्यासाठी एएफएमयू घ्यावे, मात्र त्याने यानाचे बाहेरचे कवच दुरुस्त होत नाही. त्यासाठी ‘रिपेअर लिंपेट’ नावाचे छोटे ड्रोन लागतात.

सर्वात महत्त्वाचा भाग म्हणजे गंज रोखणारा, अर्थात ‘करोजन रेझिस्टंट’ कार्गो रॅक. थार्गॉइड सेन्सर साध्या रॅकमध्ये ठेवला तर तो यानाला आतून खात राहतो. चालकाला केवळ काहीतरी बिघडत असल्याचे दिसते आणि कारण लक्षात येईपर्यंत बरेच नुकसान झालेले असते.

खेळाबाहेरची एक तयारीही आवश्यक आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 43 अंशांवर जातो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. या खेळात अवकाशात सोडलेली वस्तू तेथे हजर असलेल्या खेळाडूंपुरतीच टिकते. सर्वजण बाहेर पडले की ती जाते. एका एप्रिलमध्ये आमच्या चौघांपैकी तिघे एकाच इमारतीतून खेळत होते आणि चौथा त्या रात्री आलेला नव्हता. वीज गेली, तिन्ही संगणक एकदम बंद पडले आणि पुन्हा आत गेलो तेव्हा यान त्याच जागी होते, पण समोरचा सेन्सर नव्हता. त्या दिवसापासून किमान एक जण शहराच्या दुसऱ्या भागातून खेळतो आणि ज्याच्याकडे ध्वनिमुद्रण असते त्याच्या संगणकाला यूपीएस असतो. उन्हाळ्यात खेळाचा फ्रेम रेट 60 वर बांधून ठेवणेही हिताचे आहे, कारण संगणक तापून अडखळू लागला की रेकॉर्डिंगमध्ये बारीक तुटी येतात आणि त्या तुटीच पुढे संकेत समजल्या जाऊ शकतात.

जवळ जाताना

वस्तू दिसताच तिच्याकडे धाव घेऊ नये. आम्ही प्रथम 1 किलोमीटरवर थांबतो, शस्त्रे आत घेतलेली ठेवतो आणि पाच मिनिटे काहीही करत नाही. ही पाच मिनिटे नव्या खेळाडूला फार जड जातात, परंतु आपण नसताना वस्तू कशी वागते याच्या सर्वात जवळ जाणारी नोंद हीच असते. प्रकाश स्थिर आहे की कमीजास्त होतो, वस्तू स्वतःभोवती फिरते का, आवाज किती सेकंदांनी पुन्हा येतो, एवढेच पाहावे. त्यानंतर 500 मीटर आणि मग 100 मीटर असे टप्पे घ्यावेत आणि प्रत्येक टप्प्यावर पुन्हा तेवढाच वेळ थांबावे. टप्पा बदलताच वस्तूचे वागणे बदलले, तर पुढे न जाता मागच्या टप्प्यावर परत यावे आणि बदल मागे फिरतो का ते पाहावे. वस्तू अंतराला प्रतिसाद देत होती की तो निव्वळ योगायोग होता, हे या मागे फिरण्यातूनच कळते.

नोंदवही

आमची वही साधी, दोनशे पानी, आडव्या रेघांची आहे. प्रत्येक पानावर वेळ, तारामंडळाचे नाव, जवळचा ग्रह, वस्तूपासूनचे अंतर, यानाचा प्रकार, आपण केलेली कृती आणि वस्तूचे वागणे असे सात रकाने आखलेले असतात. आठवा रकाना अंदाजासाठी असून तो मुद्दाम पानाच्या मागच्या बाजूला ठेवला आहे. पाहिलेले आणि वाटलेले एकाच ओळीत आले की महिन्याभराने ते वेगळे करता येत नाहीत. ‘सेन्सर रागावल्यासारखा वाटला’ असे वाक्य आमच्या जुन्या वहीत आहे आणि त्या रात्री प्रत्यक्षात काय घडले, आवाज वाढला की प्रकाश बदलला, हे आज आम्हा चौघांपैकी एकालाही सांगता येत नाही.

वेळेच्या रकान्याविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. खेळातले घड्याळ यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ दाखवते, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे, आणि वर्ष मात्र 1286 ने पुढे असते. 2015 साल तेथे 3301 होते. आमच्यातल्या एकाने सलग दोन आठवडे भिंतीवरच्या घड्याळाची वेळ लिहिली आणि दुसऱ्याने खेळातली. दोघांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा एकाच वस्तूने एकाच संध्याकाळी दोन निरनिराळ्या वेळी सारखेच आवाज काढल्याचे दिसत होते, आणि त्यावरून आम्ही ‘पाच-साडेपाच तासांनी पुन्हा येणारा संकेत’ अशी भलीमोठी उपपत्ती उभी केली. ती उपपत्ती म्हणजे केवळ भारतीय प्रमाणवेळ होती. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘सर्व वेळा यूटीसी’ असे लिहिलेले आहे.

आवाज

परग्रही वस्तूंच्या बाबतीत सर्वात जास्त माहिती आवाजातून मिळालेली आहे, म्हणून या भागावर सर्वाधिक वेळ द्यावा.

प्रथम खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन संगीत पूर्ण बंद करावे आणि यानातल्या संगणकाचा बोलण्याचा आवाजही शून्यावर आणावा. मागे मंद संगीत चालू असलेले रेकॉर्डिंग ऐकायला छान वाटते, पण त्यातून संकेत वेगळा काढणे जवळपास अशक्य होते. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात मायक्रोफोन न वापरता विंडोजचा ‘वासापी’ पर्याय आणि स्पीकरचे ‘लूपबॅक’ उपकरण निवडावे, म्हणजे संगणकातून निघणारा आवाज हवेत न जाता थेट फाइलमध्ये उतरतो. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्याला याचे कारण वेगळे सांगायला नको. माझ्या घराच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग चालतात आणि त्यांची एकसारखी खडखड मायक्रोफोनमध्ये अशी काही शिरते की पहिल्या महिन्यात आम्ही मागाच्या ठोक्यांनाच मोर्स, म्हणजे ठिपके आणि रेघांची संकेतलिपी, समजून अक्षरे लिहीत होतो. फाइल नेहमी डब्ल्यूएव्ही स्वरूपात जतन करावी. एमपी3 करताना माणसाच्या कानाला फारसे न जाणवणारे भाग काढून टाकले जातात आणि आपल्याला हवे असलेले नेमके त्याच भागात असू शकते.

सेन्सरच्या किलबिलाटासारख्या आवाजात मोर्स संकेत दडलेला असतो आणि त्यातून जवळच्या ग्रहगोलाचे नाव निघते, हा 2015 मधल्या खेळाडूंचा मोठा शोध होता. मोर्स उतरवताना लांबीचे प्रमाण डोक्यात पक्के हवे. रेघ ही ठिपक्याच्या तिप्पट लांब असते. एका अक्षराच्या आतली फट एका ठिपक्याएवढी, दोन अक्षरांमधली तीन ठिपक्यांएवढी आणि दोन शब्दांमधली सात ठिपक्यांएवढी असते. आवाज भरभर येत असेल तर ऑडॅसिटीतल्या ‘चेंज टेम्पो’ने तो निम्म्या वेगावर आणावा. त्यामुळे स्वर खाली न जाता केवळ गती कमी होते आणि फटी मोजता येतात.

यात एक मोठा धोका आहे. कोणता ग्रह जवळ आहे हे ठाऊक असेल, तर कान त्याचेच नाव ऐकतो. आम्ही एकदा चौघांनी मिळून एक रेकॉर्डिंग ऐकले आणि चौघांनीही तेच नाव उतरवले, म्हणून ते खरे मानले. नंतर लक्षात आले की फाइलच्या नावातच ग्रहाचे नाव होते. तेच रेकॉर्डिंग एका पाचव्या मित्राला, ज्याला खेळातले काहीच ठाऊक नव्हते, नुसता क्रमांक घालून दिले, तेव्हा त्याने पहिली तीन अक्षरे आमच्यासारखी आणि पुढची सर्व निराळी लिहिली. फाइल पुन्हा तपासली तर तिसऱ्या अक्षरानंतर आवाज यानाच्या इंजिनाखाली दबलेला होता आणि पुढची अक्षरे आम्ही मनानेच भरली होती. म्हणून ऐकणारे दोघे असावेत, त्यांनी एकमेकांशी न बोलता लिहावे आणि त्यांना ठिकाण सांगू नये. दोघांची अक्षरे जुळतील तेवढीच वहीत पक्की करावीत, उरलेल्या जागी प्रश्नचिन्ह ठेवावे. आणि अर्थातच, रेकॉर्डिंगच्या वेळी यान पूर्ण थांबवावे.

काही वस्तूंचा आवाज कानांनी ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी पाहण्यासाठी असतो. ‘अननोन प्रोब’ या दुसऱ्या थार्गॉइड वस्तूच्या आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम काढल्यावर त्यात चक्क आकृती दिसली. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचा आलेख : डावीकडून उजवीकडे वेळ जातो, खालून वर स्वराची उंची वाढते आणि ज्या क्षणी जो स्वर जोरात असेल ती जागा उजळते. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावर क्लिक केल्यावर येणाऱ्या यादीतून ‘स्पेक्ट्रोग्राम’ निवडला की तो दिसू लागतो.

पहिल्यांदा तो पडद्यावर उमटला तेव्हा माझे धाकटे काका मागे उभे होते. त्यांनी उभे आयुष्य चादरींची डिझाइने करण्यात घालवले आहे. जॅकार्डवर फूल उमटवायचे तर आधी ते ग्राफच्या कागदावर चौकोन भरून काढावे लागते आणि मग एकेका आडव्या ओळीचे एकेक कार्ड पंच करावे लागते. त्यांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिले आणि विचारले, “हा ग्राफ कुणी काढला रे?” मी म्हणालो, “काका, हा आवाज आहे.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग चौकोन फार मोठे घेतलेत. एवढ्या मोठ्या चौकोनात पाकळी यायची नाही.”

त्यांचे म्हणणे अगदी नेमके होते, आणि स्पेक्ट्रोग्रामची सगळी कला त्या एका वाक्यात आहे. येथे चौकोनाचा आकार ठरतो तो ‘विंडो साइज’वरून. आवाज सेकंदाला 44,100 नमुन्यांनी रेकॉर्ड केलेला असेल आणि विंडो 2048 ची असेल, तर प्रत्येक चौकोन सुमारे 46 मिलिसेकंद रुंद आणि सुमारे 21.5 हर्ट्झ उंच होतो. विंडो 8192 केली तर उंची 5.4 हर्ट्झवर येते, म्हणजे वर-खाली बारकावा चौपट वाढतो. परंतु रुंदी 186 मिलिसेकंद होते आणि झटपट बदलणाऱ्या रेषा आडव्या फासल्या जातात. दोन्हीकडे बारीक चौकोन मिळत नाहीत. काकांच्या भाषेत सांगायचे तर ताण्याला बारीक केले की बाण्याला जाड व्हावे लागते. म्हणून एकच चित्र काढून समाधान मानू नये. तीच फाइल 1024, 2048, 4096 आणि 8192 अशा चार विंडोंनी पाहावी आणि चारही चित्रांत टिकणारी रेषा तेवढीच खरी धरावी. एकाच चित्रात दिसणारी आणि विंडो बदलताच नाहीशी होणारी रेषा बहुधा सॉफ्टवेअरने पाडलेली असते. आकृतीच्या वरच्या कडेलाही लक्ष असावे : 44,100 नमुन्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये 22,050 हर्ट्झच्या वर काहीच येऊ शकत नाही, त्यामुळे तेथे कापल्यासारखी दिसणारी कड हा संकेत नसून रेकॉर्डिंगची मर्यादा आहे.

प्रत्येक चित्राखाली विंडोचा आकार, ‘गेन’ आणि ‘रेंज’ लिहून ठेवावे. ते लिहिलेले नसेल, तर तेच चित्र पुन्हा काढणे दुसऱ्याला शक्य होत नाही आणि मग ते चित्र पुरावा म्हणून उरत नाही.

दिशा

अननोन आर्टिफॅक्ट अवकाशात कोठेही सोडली तरी एका ठरावीक दिशेकडे तोंड करते, हे खेळाडूंच्या लक्षात आले आणि निरनिराळ्या ठिकाणांहून दिशा मोजल्यावर ती मेरोपी या ताऱ्याकडे पाहत असल्याचे सिद्ध झाले. मेरोपी हा खराच तारा आहे. तो आपल्या कृत्तिकांपैकी एक असून, ज्या कृत्तिकांवरून कार्तिक महिन्याला नाव मिळाले त्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, रात्री साडेआठच्या सुमारास सोलापुरात जवळजवळ डोक्यावर येतात. होम मैदानातून परतताना तलावाच्या काठावर थांबून आम्ही त्या पाहिल्या होत्या आणि त्याच रात्री घरी येऊन सेन्सरची दिशा मोजली होती. आकाशातल्या त्या अंधुक पुंजक्याकडे एक वस्तू वर्षानुवर्षे तोंड करून आहे, या कल्पनेने मला आजही भरून येते.

मोजण्याची रीत अशी. वस्तू सोडून ती स्थिर होऊ द्यावी. मग यान तिच्या मागे नेऊन यानाचे नाक तिच्या अक्षाच्या बरोबर रेषेत आणावे. आता गॅलॅक्सी मॅप उघडून त्या दिशेचा एखादा तारा लक्ष्य म्हणून निवडावा आणि पॅनेलवरच्या लहान गोल दिशादर्शकात ठिपका कोठे येतो ते पाहावे. भरीव ठिपका म्हणजे लक्ष्य समोर, पोकळ ठिपका म्हणजे ते पाठीमागे. ठिपका मध्यभागी येईपर्यंत वेगवेगळे तारे निवडून पाहावेत. हेच दुसऱ्या ठिकाणाहून करावे आणि दोन्ही रेषा कोठे एकमेकींना छेदतात ते शोधावे.

दोन ठिकाणे एकमेकांपासून लांब असावीत आणि लक्ष्याच्या एकाच बाजूला नसावीत. जवळजवळच्या दोन ठिकाणांहून काढलेल्या रेषा इतक्या समांतर असतात की हाताच्या किंचित चुकीने छेदबिंदू शेकडो प्रकाशवर्षे सरकतो. चुकीचा हिशेबही आधीच मांडावा : 400 प्रकाशवर्षांवरून 1 अंशाची चूक म्हणजे लक्ष्यापाशी सुमारे 7 प्रकाशवर्षांची चूक. कृत्तिकांचे तारे तेथे एकमेकांजवळ आहेत, त्यामुळे एवढ्या दुरून मोजून मेरोपीचेच नाव घेणे धाडसाचे ठरेल. 50 प्रकाशवर्षांवरून तीच चूक 1 प्रकाशवर्षापेक्षाही कमी होते. म्हणून दुरून भाग ठरवावा आणि नेमका तारा ठरवण्यासाठी जवळ जावे.

एका वेळी एकच बदल

आवाज आणि दिशा नोंदवून झाल्यावरच वस्तूला डिवचावे. डिस्कव्हरी स्कॅनर चालवणे, दिवे लावणे, शस्त्रे बाहेर काढणे, दुसरी वस्तू तिच्याशेजारी सोडणे, असे अनेक प्रयोग शक्य आहेत. मात्र दोन प्रयोग एकत्र करू नयेत आणि दोन प्रयोगांच्या मध्ये वस्तू मूळ वागण्यावर येऊ द्यावी. प्रोबजवळ स्कॅनर चालवल्यावर तो मोठा आवाज काढतो आणि जवळच्या यानाच्या यंत्रणा काही वेळ बंद पडतात. त्यामुळे असा प्रयोग ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणात, जमिनीलगत, कधीही करू नये आणि पहारा देणारे यान बरेच लांब ठेवावे. चारही याने एकदम निपचित पडली तर काय घडले हे पाहायला कोणी उरत नाही.

काही जागी वस्तू एकत्र आणाव्या लागतात. ग्रहांच्या पृष्ठभागावरच्या थार्गॉइड ठिकाणांच्या आत एक यंत्र आहे. सेन्सर, प्रोब आणि ‘लिंक’ ही तिसरी थार्गॉइड वस्तू, अशा तिन्ही वस्तू त्याला दिल्यावर ते सुरू होते आणि ताऱ्यांचा नकाशा दाखवते. तेथे जाताना तिन्ही वस्तू एकाच यानात न ठेवता तिघांत वाटाव्यात. एक यान गमावले तर एकच वस्तू पुन्हा शोधावी लागेल.

ज्याला केवळ चिकाटीचा सराव करायचा आहे त्याने ‘गार्डियन’ या दुसऱ्या, लुप्त झालेल्या परग्रही जमातीच्या अवशेषांकडे वळावे. ते ऑक्टोबर 2016 मध्ये सापडले आणि तेथल्या स्तंभांमधून जीवशास्त्र, संस्कृती, इतिहास, भाषा आणि तंत्रज्ञान अशा पाच विषयांच्या मिळून 101 नोंदी गोळा कराव्या लागतात. कोणत्या स्तंभाला कोणती वस्तू दाखवली आणि काय मिळाले, याचा तक्ता न ठेवता हे काम पूर्ण करू गेलेला माणूस दुसऱ्याच दिवशी त्याच स्तंभापुढे परत उभा राहतो.

उचलणे, नेणे आणि देणे

सेन्सर उचलायचाच असेल तर कार्गो स्कूप उघडून अगदी सावकाश त्याच्याकडे जावे किंवा कलेक्टर लिंपेट वापरावे. उचलण्यापूर्वी तो जागेवर असतानाच्या सर्व नोंदी पूर्ण झाल्या आहेत का, हे वही लिहिणाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवावे. एकदा रॅकमध्ये गेलेली वस्तू पुन्हा त्याच अवस्थेत पाहायला मिळेल असे नाही.

तो स्थानकाच्या काळ्या बाजारात विकू नये. पूर्वी खेळाडूंनी असे सेन्सर मोठ्या संख्येने विकले तेव्हा त्या स्थानकांच्या सेवा बंद पडल्या आणि त्या पुन्हा सुरू करण्यासाठी इतर खेळाडूंना ‘मेटा-अलॉय’ नावाचे परग्रही द्रव्य वाहून न्यावे लागले. मेटा-अलॉय ज्यांपासून मिळतात त्या ग्रहांवरच्या परग्रही रचना, म्हणजे ‘बार्नेकल’, जानेवारी 2016 मध्ये मेरोपीच्याच मंडळात सापडले, म्हणून निभावले. काही क्रेडिट्ससाठी दुसऱ्यांना एवढा त्रास देणे मला पटत नाही.

शेवटी नोंदी इतरांना द्याव्यात. ‘कॅनन’ या खेळाडूंच्या संशोधन गटाने असेच जगभरातले तुकडे एकत्र करून काम केले आहे. देताना निष्कर्षाबरोबर मूळ डब्ल्यूएव्ही फाइलही द्यावी, तिच्या नावात यूटीसी तारीख, वेळ आणि क्रमांक असावा आणि ग्रहाचे नाव वेगळ्या कागदावर असावे, म्हणजे ऐकणाऱ्याचा कान मोकळा राहतो. जे प्रयोग करून काहीच घडले नाही तेही अवश्य कळवावेत : दिवे लावले, फरक नाही, शस्त्रे काढली, फरक नाही, 100 मीटरवर दहा मिनिटे थांबलो, फरक नाही. आमच्या वहीत अशी पाने काही घडल्याची नोंद असलेल्या पानांपेक्षा जास्त आहेत, आणि कोणी नव्याने विचारले की आम्ही आधी तीच उघडून दाखवतो.